काळ्या केसांत दडलेला तांबडा

एप्रिल-मेमध्ये इंदापूर तालुक्यातल्या कुठल्याही रानात खुरपणीला बसलेल्या बाईची वेणी पाहा. मुळाशी ती काळीभोर असते आणि शेंड्याला तांबूस. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे दीड-दोन फुटांच्या वेणीचं टोक चार-पाच वर्षं जुनं असतं. तेवढे उन्हाळे त्या टोकाने सोसलेले असतात. उन्हातल्या अतिनील किरणांनी केसांतलं काळं रंगद्रव्य हळूहळू विरतं आणि खालचा तांबडा वर येतो. पार्लरमध्ये ज्याला बालायाज म्हणतात, ते तंत्र हेच काम दोन-तीन तासांत, ठरवून, हव्या त्या बटांवर करतं. पॅरिसच्या सलूनमध्ये १९७०च्या दशकात ते रूढ झालं. टोपीच्या भोकांतून बटा ओढून एकसारखे पट्टे काढण्याऐवजी ब्रशने मोकळ्या हाताने रंगवायचं. मुळाशी काही नाही, मधे पुसटसं, शेंड्याला भरपूर. त्यामुळे केस वाढले तरी मुळाशी रेघ दिसत नाही आणि चार-सहा महिने पार्लरची पायरी चढावी लागत नाही. बारामतीला शिकायला किंवा एमआयडीसीत कामाला रोज एसटीने ये-जा करणाऱ्या मुलीला हा फायदा मोठा आहे.

पण निवड करताना गाडी अडते ती मोबाइलमधल्या फोटोवर. भिगवण रस्त्यावरच्या एखाद्या पार्लरमध्ये मुलगी येते, फोटो पुढे करते आणि म्हणते, "ताई, सेम असंच करा." फोटोतल्या बाईचे मूळ केसच आपल्यापेक्षा तीन-चार पायऱ्या फिकट असतात. तिची त्वचा वेगळी, तिकडचं ऊन वेगळं, पाणी वेगळं. माझं म्हणणं असं की आपल्या केसांसाठी कोणता रंग लावायचा हा दुसरा प्रश्न आहे. काळा कुठपर्यंत उतरवायचा आणि कुठे थांबायचं, हा पहिला.

त्यासाठी पायऱ्यांचा हिशेब समजून घ्यायला हवा. केसांचा गडदपणा एक ते दहा अशा पायऱ्यांत मोजतात. एक म्हणजे काळाकुट्ट, दहा म्हणजे अगदी फिकट सोनेरी. आपल्याकडचे बहुतेक केस एक ते तीनमध्ये बसतात. केसांत दोन जातींचं मेलॅनिन असतं. यूमेलॅनिन काळं-तपकिरी, फिओमेलॅनिन तांबडं-पिवळं. ब्लीच लावलं की काळं आधी विरतं, तांबडं-पिवळं चिवटपणे टिकून राहतं. म्हणून काळा केस उतरवत नेला की तो सरळ सोनेरी होत नाही. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर तो लालसर दिसतो, पाचव्यावर तांबडा-केशरी, सहाव्यावर केशरी, सातव्यावर पिवळट केशरी आणि आठव्यावर कुठे पिवळा. ही वाट कुणालाच चुकवता येत नाही. कितीही महागडं ब्लीच आणलं तरी केशरी मुक्काम लागणारच.

आणि प्रत्येक पायरीची किंमत केस मोजतो. ब्लीचची पूड पर्सल्फेटची असते. ती हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये, म्हणजे पार्लरच्या भाषेतल्या डेव्हलपरमध्ये, कालवतात. वीस व्हॉल्यूम म्हणजे सहा टक्के पेरॉक्साइड, तीस म्हणजे नऊ, चाळीस म्हणजे बारा. हे मिश्रण मेलॅनिन मोडतं, तसेच केसाला ताकद देणाऱ्या केराटिनमधले गंधकाचे दुवेही तोडतं. दुसऱ्या पायरीवरून पाचव्या-सहाव्यावर आलेला केस नीट निगा राखली तर चांगला राहतो. त्याच केसाला नवव्या पायरीवर ओढायचं तर दोन-तीन बैठका लागतात आणि शेवटी ओला केस रबरासारखा ताणला जाण्याची पाळी येऊ शकते.

इथे मला गुऱ्हाळावरचा गुळव्या आठवतो. काहिलीतला पाक कधी उतरवायचा हे त्याला रंग आणि बुडबुडे पाहून कळतं. क्षणभर उशीर झाला की सगळं आदण बिघडतं. चांगली केशकार तशीच दर पाच-दहा मिनिटांनी एका बटेवरचं ब्लीच बोटाने पुसून खालचा रंग पाहते. पार्लर निवडताना ही सवय आहे का, तेवढं बघा. घड्याळ लावून पस्तीस मिनिटांनी परत येणारीपेक्षा बट पुसून पाहणारी केव्हाही बरी.

आपल्या हवेचाही यात हात आहे. बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेतला कोरडा भाग. मूळ बालायाजमध्ये ब्लीच उघड्या हवेवर ठेवतात, पण ते वाळलं की काम थांबतं. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत, त्यात डोक्यावर पंखा गरगरत असेल तर, ते फार लवकर वाळतं आणि बट अर्ध्या वाटेवर डागाळलेली राहते. म्हणून काळ्या, जाड केसांवर रंगवलेल्या बटा प्लॅस्टिकच्या पातळ कागदाने झाकतात किंवा सरळ फॉइलमध्ये घेतात. फॉइल दिसली म्हणून "हे खरं बालायाज नाही" असं समजू नये. आपल्या केसांना बहुतेक वेळा तेच योग्य असतं.

काळा उतरल्यावर येतो तो टोनर. उघडा पडलेला रंग सौम्य करायला त्याच्या विरुद्ध रंगाची छटा देतात. लालला हिरवट, केशरीला निळी, पिवळ्याला जांभळी. व्हिडिओ पाहून जांभळा शॅम्पू आणणाऱ्या मुली पुष्कळ आहेत. पण तो पिवळ्या केसांसाठी असतो. आपले उतरवलेले केस पाच-सहाव्या पायरीवर केशरी असतात. त्यांना निळा शॅम्पू लागतो. टोनर महिना-दोन महिन्यांत धुऊन जातो आणि खालचा केशरी पुन्हा डोकं वर काढतो. म्हणून राखी, बेज, थंड तपकिरी अशा छटा आपल्याकडे टिकवणं म्हणजे त्या केशरीशी दर महिन्याला भांडण. त्याउलट चेस्टनट, कॅरमेल, तांबूस, महोगनी या छटा त्या केशरीलाच सोबत घेऊन चालतात. टोनर उतरला तरी त्या फारशा बिघडत नाहीत. पुण्या-मुंबईसारखं दर सहा आठवड्यांनी सलूनमध्ये जाणं जिला जमणार नाही, तिने उबदार छटा घ्याव्यात असं मी ठामपणे सांगेन.

डब्यावरचे आकडे वाचता आले तर बोलणं सोपं होतं. '५.३४' मध्ये टिंबाआधीचा पाच म्हणजे पायरी, नंतरचे आकडे म्हणजे छटा. अनेक कंपन्यांत एक म्हणजे राखी, तीन सोनेरी, चार तांबूस, पाच महोगनी, सहा लाल. कंपनी बदलली की आकड्याचा अर्थही बदलू शकतो, म्हणून शेड कार्ड हातात घेऊनच ठरवावं. आणि ते कार्ड पार्लरच्या पिवळ्या दिव्याखाली न पाहता दाराबाहेर उजेडात नेऊन पाहावं. पाचव्या पायरीचा चॉकलेटी रंग ट्यूबलाइटखाली जवळजवळ काळा दिसतो आणि उन्हात खुलतो. शाळेत शिकवणाऱ्या किंवा बँकेत बसणाऱ्या बाईला नेमकं हेच हवं असतं.

आता त्वचेकडे येऊ. "या रंगाने तू उजळ दिसशील" हे वाक्य आपल्याकडे फार सहज बोललं जातं, आणि मला ते मनापासून खटकतं. सावळेपण झाकायची गोष्ट नाही हे तर आहेच; पण डोळ्याच्या हिशेबानेही ते वाक्य खोटं आहे. फिकट रंगाशेजारी ठेवलेली गडद वस्तू डोळ्याला आणखी गडद दिसते. सावळ्या चेहऱ्याला लागून आठव्या पायरीची पिवळट बट सोडली तर चेहरा उजळत नाही, उलट बट आणि चेहरा यांतला फरकच आधी नजरेत भरतो. कुणाला मुद्दाम तसा ठसठशीत विरोध हवा असेल तर तिने जरूर करावा. मात्र तो उजळ दिसण्याच्या आशेवर करू नये.

त्वचेच्या गडदपणापेक्षा तिची आतली झाक जास्त उपयोगी पडते. मनगटाच्या शिरा हिरव्या की निळ्या, ही मासिकांतली चाचणी गोऱ्या कातडीसाठी ठीक आहे. आपल्यातल्या अनेकींच्या शिरा धड दिसतही नाहीत. त्यापेक्षा घरातलं कपाट उघडा. सकाळच्या उजेडात, तोंड धुऊन, पावडर न लावता एक हळदी रंगाची साडी गळ्याशी धरा आणि मग एक राणी रंगाची. हळदी, विटकरी, आंबा, तांबडा हे रंग धरल्यावर चेहरा ताजा वाटत असेल तर झाक उबदार आहे. राणी, जांभळा, निळा, चांदीची जर यांनी तो खुलत असेल तर थंड. दोन्हीही सारखेच शोभत असतील तर झाक मधली, आणि तुम्हाला बहुतेक सगळं चालेल. काहींच्या त्वचेत हिरवट झाक असते. त्यांना फार केशरी तांब्यापेक्षा महोगनी किंवा कॉफी बरी दिसते. इथे चेहरा आणि मान यांत उन्हामुळे पुष्कळ फरक पडलेला असतो, म्हणून पारख करताना कानामागची आणि गळ्याची त्वचाही बघावी.

सावळ्या, उबदार त्वचेवर तांबूस आणि चेस्टनट किती शोभतात हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पटत नाही. त्वचेतली आणि केसांतली ऊब एकाच घरची असते. सावळी पण थंड झाक असेल तर वांगी-जांभळ्याकडे झुकणारा बर्गंडी किंवा गडद महोगनी घ्यावा. गव्हाळ रंगाला सहाव्या पायरीपर्यंतचा कॅरमेल सहसा कधी फसत नाही. निमगोरी, गोरी असेल तर मधाळ सोनेरीपर्यंत, म्हणजे सातव्या पायरीपर्यंत जाता येतं. पण भुवया काळ्याच राहणार आहेत हे लक्षात ठेवावं. त्या रंगवायच्या भानगडीत पडू नये. भुवया-पापण्यांना डाय लावू नका असं डब्यावरच लिहिलेलं असतं, आणि ते डोळ्यांच्या काळजीने लिहिलेलं असतं. गालावर वांग असेल तर चेहऱ्यालगतच्या बटा फार फिकट करू नयेत, कारण नजर तिथेच जाते. उजेड हनुवटीच्या खाली सुरू होऊ द्यावा.

आणखी एक गोष्ट फोटोंत कधीच दिसत नाही. त्या फोटोंतले केस मोकळे असतात आणि आपल्याकडच्या बहुतेकींचे दिवसातले बारा तास बांधलेले. तिपेडी वेणीत रंगवलेली बट एकदा वर येते, एकदा खाली जाते. त्यामुळे पातळ, जवळजवळ घेतलेल्या बटा वेणीत सुरेख विणल्यासारख्या दिसतात आणि रुंद पट्टे तुकडे पडल्यासारखे. अंबाड्यात शेंडे बाहेरून गुंडाळले जातात, म्हणून फक्त शेंडेच रंगवले असतील तर काळ्या डोक्यावर फिकट चुंबळ ठेवल्यासारखं वाटतं. रोज केस कसे बांधता हे केशकाराला आधी सांगा, जमलं तर बांधूनच दाखवा.

यापुढचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण त्यात केस तुटण्याचा आणि टाळू भाजण्याचा धोका आहे. केसांवर याआधी काय काय लागलं आहे?

मेंदीपासून सुरू करू. मेंदीतलं लॉसोन हे रंगद्रव्य केराटिनला घट्ट चिकटतं आणि धुतल्याने जात नाही. लावलेला भाग कापून जाईपर्यंत ती केसांत असते. शुद्ध मेंदीचे केस ब्लीचने उतरवता येतात, पण केशरी फार हट्टी राहतो. आपल्याकडे मेंदी लोखंडी कढईत, चहाच्या पाण्यात, आवळा आणि कात घालून रात्रभर भिजवायची रीत आहे. चहा-आवळ्यातलं टॅनिन आणि कढईतलं लोह मिळून काळपट रंग तयार होतो, म्हणूनच ती मेंदी गडद चढते. याचा दुसरा अर्थ असा की केसांवर लोह बसतं. लोह, तांबं असे धातू पेरॉक्साइडची क्रिया भडकवतात. 'काळी मेंदी' म्हणून मिळणाऱ्या पुडीचं प्रकरण आणखी वेगळं. तिच्यात कधी नीळ असते, कधी पीपीडी हा रासायनिक डाय, आणि काही हलक्या मालात धातूंचे क्षार. निळीवर ब्लीच पडलं तर हिरवट रंग येऊ शकतो. क्षारांवर पडलं तर केस गरम होतात, वाफ येते, बट हातात येते.

यावर उपाय साधा आहे. केस विंचरल्यावर फणीत निघणारं गुंतवळ फेकू नका. त्यातले, मुळापासून शेंड्यापर्यंत पुरे असलेले पंचवीस-तीस केस दोऱ्याने बांधून पार्लरमध्ये न्या. तिथे काचेच्या वाटीत वीस व्हॉल्यूम पेरॉक्साइडमध्ये थोडा अमोनिया घालून ती जुडी अर्धा तास बुडवून ठेवायला सांगा. वाटी गरम झाली, बुडबुडे उसळले, केस विचित्र रंगाचे झाले किंवा तुटू लागले, तर डोक्यावर ब्लीच लावायचं नाही, विषय संपला. काही झालं नाही तर त्याच गुंतवळातल्या दुसऱ्या जुडीवर ब्लीच लावून पाहा. तुमचा केस किती वेळात कुठल्या पायरीला येतो हे तिथेच कळतं. मेंदी लावलेली हकिगत लाजून लपवणाऱ्या बायका असतात. लपवू नका. दोन वर्षांपूर्वी लावली असेल तरी सांगा, कारण ती अजून वेणीत आहे. स्मूदनिंग किंवा रिबाँडिंग केलं असेल तेही सांगा. त्या रसायनांनी गंधकाचे तेच दुवे आधी तोडून पुन्हा जोडलेले असतात. आधी काळा डाय लावलेला असेल तर दुसरा फिकट कलर तो उतरवू शकत नाही, ब्लीचच लागतं. आणि पीपीडी असलेला कोणताही रंग लावण्याआधी कानामागे ठिपका लावून ४८ तास वाट पाहावी. खाज, लाली किंवा सूज आली तर तो रंग तुमच्यासाठी नाही.

आता पाणी. नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आला, बारामती-इंदापूरच्या जमिनींत ऊस उभा राहिला, आणि मागोमाग काळ्या रानांत क्षार वर येऊ लागले. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारपड जमिनींवर १९१० मध्येच स्वतंत्र पुस्तिका लिहिली होती. इतक्या जुन्या या दुखण्याचा संबंध आज केसांशी येतो, कारण क्षार विहिरी-बोअरच्या पाण्यातही उतरतात. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याची कठिणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगली आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावी अशी आहे. तुमच्या पाण्याचा अंदाज बादलीवरच्या पांढऱ्या थरावरून, गिझरच्या कॉइलवरून, न शिजणाऱ्या डाळीवरून येतोच. कॅल्शियम-मॅग्नेशियम केसांवर बसून ते राठ आणि निस्तेज करतात, टोनर एकसारखा चढू देत नाहीत. पाण्यात लोह-तांबं असेल तर ब्लीचच्या वेळी केसांची हानी वाढते. त्यामुळे रंगवण्याआधी एकदा क्षार काढणाऱ्या, म्हणजे ईडीटीए असलेल्या शॅम्पूने केस धुऊन घ्यावेत. नंतर घरी शेवटचे दोन तांबे पिण्याच्या जारमधल्या किंवा आरओच्या शुद्ध पाण्याचे घ्यावेत. आरओ मशिनच्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र मुळीच घेऊ नये, क्षार त्यातच एकवटलेले असतात.

तेलाबद्दल आपल्या आज्या बरोबर होत्या, आणि त्याला मुंबईतलाच पुरावा आहे. २००३ मध्ये आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुताना केसातून निघून जाणारं प्रथिन फक्त खोबरेलाने लक्षणीय कमी झालं, ब्लीच केलेल्या केसांतही. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचा सरळ, लहान रेणू केसाच्या आत शिरतो, बाकीची दोन तेलं वरवर राहतात. म्हणून बालायाज केलेल्या केसांना धुण्याआधी रात्री किंवा तासभर आधी खोबरेल लावावं, शेंड्यांना जास्त. उन्हात जाताना स्कार्फ, ओढणी, पदर काहीही चालेल, पण शेंडे झाकले गेले पाहिजेत. नाहीतर ऊन आपलं काम पुढे चालूच ठेवतं आणि कॅरमेलचा दोन महिन्यांत पितळी रंग होतो.

घरात लग्न असेल तर हे काम हळदीच्या आदल्या दिवसावर ढकलू नये. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त असेल तर दिवाळीच्या आधी, मे महिन्यातला असेल तर एप्रिलच्या सुरुवातीला पहिली बैठक घ्यावी आणि त्या वेळी पाचव्या पायरीवर थांबावं. दोन-तीन आठवडे घरच्या पाण्यात, घरच्या उजेडात, नेहमीच्या साड्यांवर तो रंग पाहावा. आणखी उजळ हवा असं वाटलं तर दुसऱ्या बैठकीत एक पायरी वर जाता येतं. उतरलेला काळा मात्र परत आणायचा तर वरून डाय चढवावा लागतो, आणि पुढच्या वेळी तोच डाय आडवा येतो.